निरोगी नावाची बाटली

आरशांच्या दुकानावरून जाताना उल्फाला एक बाई दिसली आणि तिचा उगाचच राग आला. बाई चाळिशीला टेकलेली, अंगात राखाडी कोट, उपासाने चेहरा ओढलेला. चाल ठीक होती. पण एक हात चालीबरोबर पुढेमागे होत होता आणि दुसरा नुसता अंगाला लटकला होता, त्या हातात अंड्यांची पिशवी असावी तसा. पिशवी नव्हती. नीट चालता येत नसेल तर बाहेर पडतात कशाला ही माणसं, असं काहीतरी दुष्ट तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याच पावलाला तिला कळलं की समोर कोणी बाई नाही, दुकानदाराने फुटपाथवर कपाटाचा लांब आरसा टेकवून ठेवला आहे. ती थांबली. मागे गेली, पुन्हा चालत आली. आता लक्ष होतं, म्हणून तो हात, तिचा उजवा, शहाण्या मुलासारखा हलला. मग तिने मुद्दाम दुसरा विचार केला, ईदला घरी न्यायच्या मिठाईचा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. हात पुन्हा लटकला. दुकानदार स्टुलावर पेंगत होता, त्याने एक डोळा उघडला. "बाई, आरसा घ्यायचाय की नुसतंच बघायचंय?" "तुझा आरसा वाकडा आहे," उल्फा म्हणाली. "रमजान संपत आला की सगळेच असं म्हणतात," तो म्हणाला आणि डोळा मिटला.

बाब सुईका ह्या जुन्या पेठेच्या गर्दीतून प्रयोगशाळेकडे जाताना तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि कोणावर ओरडावं ते समजत नव्हतं. नऊ वर्षं ती दुसऱ्यांचे हात बघत आली होती. सी शेदलींनी, म्हणजे शेदली साहेबांनी, प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, पहिल्याच आठवड्यात तिला शिकवलं होतं की थरथरणारा हात सगळ्यांनाच दिसतो, तू न हलणारा बघ. कंपवाताचे तरुण रुग्ण दक्षिणेकडून बसने यायचे, तिशीतले, काही तर विशीतले, आणि ती बोळाच्या टोकाला उभी राहून त्यांना चालत येताना बघायची. पुढे ती खोडच जडली. लग्नात, विमानतळावर, भाजीबाजारात ती लोकांचे खांदे मोजत राहायची, ह्याचा उजवा जड आहे, हिचं बटण लावताना बोट अडखळतंय. सगळ्या शहराचे हात बघून झाले आणि स्वतःच्या खांद्याला लटकलेला एवढा हात तिला दिसला नाही. मूर्ख, ती मनात म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. शेजारून जाणाऱ्या माणसाने छातीवर हात ठेवून तिची माफी मागितली.

ज्या प्रथिनासाठी तिने लग्नाची वर्षं घालवली, असं तिची आई म्हणायची, ते प्रथिन खरं तर राखणदार होतं. प्रत्येक पेशीत शेकडो चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्यावर पेशीचं पोट चालतं. चूल धड असेल तर हा राखणदार दारातून आत ओढला जातो आणि आत त्याचे तुकडे होऊन जातात, रोज, सतत, त्याच्या असण्याचा पत्ताही लागत नाही. चूल बिघडली की आत ओढणारी ताकदच राहत नाही. मग तो दारातच अडकतो, त्याच्यासारखे आणखी साचतात, आणि ते झाडूवाल्याला हाक मारतात. झाडूवाला म्हणजे दुसरं प्रथिन. तो येतो, बिघडलेल्या चुलीवर खुणा करतो आणि पेशी तिला गिळून टाकते. एवढंच. राखणदारच नसेल तर धुमसणारी चूल तशीच राहते, शेजारच्या चुलींनाही बिघडवते, आणि मेंदूच्या तळाशी, शरीराला हालचाल देणाऱ्या त्या जराशा काळ्या पेशींत, आधी धूर आणि मग अंधार. उल्फा हे सांगायची तेव्हा विद्यार्थ्यांना स्फाक्सचं उदाहरण द्यायची, तिच्या गावचं, जिथे कचरा उचलणं बंद पडलं तेव्हा लोक नाक दाबून त्याच ढिगाशेजारच्या गाड्यावरून फ्रिकासे, तळलेले भरले पाव, खात होते. पोरं हसायची. तीही हसायची. आज ते हसणं आठवून तिला तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

कारण उबवणीच्या कपाटात ती बाटली होती. त्या बाटलीवर 'निरोगी' असं लिहिलेलं होतं. रुग्णाच्या पेशींशी ताडून बघायला निरोगी माणसाच्या पेशी लागतात, आणि निरोगी माणूस कशाला कोणाला कातडी कापू देईल? म्हणून इथली जुनी रीत अशी की नवीन येणाऱ्याने आपल्याच दंडाची डाळीएवढी कातडी द्यायची. जणू दीक्षाच. उल्फाने दिली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. बाकीच्यांच्या पेशी दोनतीन महिन्यांत मरगळल्या, उल्फाच्या फोफावल्या, आणि हळूहळू 'निरोगी' म्हणजे त्याच असं ठरून गेलं. रुग्णांचं जनुक अक्षर अक्षर वाचून काढलं होतं. निरोगीचं कोणी वाचलं नाही. निरोगी माणसाची कसली तपासणी करायची? आणि वर्षानुवर्षं त्यांना साखरपाण्यावर ठेवलेलं. भरपूर ग्लुकोज मिळालं की पेशीला चुलीची गरजच नसते, ती खाणावळीत जेवणाऱ्या माणसासारखी गुबगुबीत दिसते. ह्या हिवाळ्यात पहिल्यांदा त्यांनी ती साखर काढून गॅलेक्टोज द्यायला सुरुवात केली, म्हणजे चूल पेटवल्याशिवाय घास मिळू नये. रुग्णांच्या पेशी मेल्या, मरणारच होत्या. 'निरोगी'सुद्धा मेल्या. तेव्हापासून सगळे कपाटाला, पाण्याला, वीज जाण्याला शिव्या देत होते, आणि सगळ्यात जास्त शिव्या उल्फाच देत होती.

सी शेदली खिडकीशी बसले होते. चष्मा कपाळावर, उपासाने आवाज बसलेला. "या बाईसाहेब. लेख पाठवायची वेळ आली, तुझ्या निरोगीचं काही जमलं का?"

"त्यांचं जनुक वाचायला हवं, सी शेदली."

"आत्ता? अगं, त्या म्हाताऱ्या झाल्या असतील. दुसऱ्या कोणाच्या तरी घे. त्या नव्या मुलीच्या घे, चांगली धष्टपुष्ट आहे."

"त्या कोणाच्या आहेत ते आठवतंय तुम्हाला?"

ते खरंच विसरले होते. मग आठवलं, आणि जी मनात आली ती थट्टा त्यांनी करून टाकली. "तुझ्याच की. मग तूच म्हातारी झालीस म्हणायची."

"माझा भाऊ पाय ओढत चालतो," उल्फा म्हणाली. हे वाक्य तिने कधीच कोणापुढे उच्चारलं नव्हतं, स्वतःपुढेही नाही, आणि ते तोंडातून असं सुटलं की तिलाच नवल वाटलं.

"तो तर जैतून तोडायच्या शिडीवरून पडला होता ना?"

"हो. पडला होता. पण आधी पडला की आधी पाय अडकला, हे आपण विचारलंच नाही."

सी शेदलींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. हुशार माणूस होता. हुशार होता म्हणूनच तिला त्याचा इतका संताप आला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, हिशोब होता, निरोगीला धरून छापलेल्या आजवरच्या लेखांचा. ते दुसऱ्या क्षणी निवळलं, ते उठले, "बस पोरी, बस," म्हणाले, पण पहिला क्षण तिने बघितला होता. "लेख ठेवा पुढच्या वर्षावर," ती म्हणाली आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन दार लावलं.

प्रयोग सोपा होता, शेकडो वेळा केलेला. पेशींत झाडूवाला हिरव्या रंगाने चमकणारा घातलेला असतो. वरून औषधाचा थेंब टाकायचा, त्याने सगळ्या चुली एकदम विझतात. धड पेशीत तासाभरात तो हिरवा पसारा गोळा होतो, ठिपके ठिपके होऊन विझलेल्या चुलींवर जाऊन बसतो. तिने थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आपल्या दंडाची कातडी. हिरवं धुकं पेशीभर पसरलेलं, सुरेख, निवांत. राखणदाराने हाक मारावी म्हणून ती वाट बघत राहिली. मान अवघडली. बाहेर कोणीतरी दार वाजवून गेलं. चुली विझल्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि झाडूवाला आपला गावभर भटकत होता, कारण त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. एक ठिपका नाही. आजवर रुग्णांच्या पेशींत हे दिसलं की ती समाधानाने मान हलवायची, छान, स्वच्छ निकाल. आता तिने टेबलाच्या काचेवर मूठ आपटली. डावी. उजवी उचलायचं सुचलं नाही, की उचललीच गेली नाही, ह्याचा विचार करत ती तशीच बसून राहिली.

ईदच्या आदल्या दिवशी ती स्फाक्सला निघाली. आईला सांगितलं होतं, संध्याकाळी येते. निघाली मात्र पहाटेच, पहिल्याच लुआजने, आठ माणसांच्या त्या गाडीत खिडकीशी. दरवेळी ती सांगितलेल्या वेळेला यायची आणि दरवेळी मुन्सिफ दारात उभा असायचा, मोकळा, हसरा, जरा जास्तच मोकळा. बसल्या जागी खांदे डुलवायचा, मान वळवायचा, एका जागी टिकायचा नाही. पोरगं चुळबुळं आहे, आई म्हणायची. आणि ती, ह्या रोगावर परदेशात भाषणं देणारी, मान डोलवायची. औषधाचा भर आला की रुग्ण असाच डुलतो हे तिनेच विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. दिसत नव्हतं असं नाही. घराच्या उंबऱ्याच्या आत आली की ती डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायची, कारण आत आई होती आणि आईला बघितलेलं चालत नसे. लहानपणी गच्चीवरच्या खोलीत मनूबिया मावशी असायची. तिला भीती बसलीये, एवढंच सांगितलेलं. पाहुणे आले की खोलीला बाहेरून कडी. उल्फा तिला जेवण द्यायला जायची तेव्हा मावशी ताटलीकडे हात न्यायला इतका वेळ लावायची की रस्सा गार व्हायचा. आईबाप सख्खे चुलत भाऊबहीण, आजीआजोबाही तसेच. घरातली पोर घरात, जैतुनाची झाडं घरात. गाडीबाहेर दोन्ही बाजूंना तीच झाडं पळत होती, रांगेत, आखून दिल्यासारखी, आणि तिला वाटलं ती एकेक करून उपटावीत.

घराचं दार उघडंच होतं. आतून कांद्याचा वास आला, ईदच्या शरमुलाचा, ढीगभर कांदा तेलात तासन्‌तास शिजवून त्यात मनुकांचा रस घालायचा आणि उद्या सकाळी खाऱ्या माशाबरोबर खायचा. बोळातून अंगणात जायच्या दारात मुन्सिफ उभा होता. उभा नव्हता, अडकला होता. पावलं उंबऱ्याआधी जमिनीला खिळलेली, टाचा थरथरत होत्या, दोन्ही हात पुढे काढलेले, चेहऱ्यावर काहीच नाही. बेचाळिसाव्या वर्षी तो त्यांच्या आजोबांसारखा दिसत होता. त्याने तिला बघितलं. डोळे तेवढे हलले.

"लवकर आलीस डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, आवाज विहिरीतून आल्यासारखा. "नाटक संध्याकाळी आहे. अजून रंग लावला नाही मी."

उल्फाने पिशवी टाकली. काय करायचं ते तिला माहीत होतं, रुग्णांच्या बायकांना तिनेच दाखवलं होतं. तिने त्याच्या पावलापुढे आपला पाय आडवा ठेवला. "ह्याच्यावरून पाय टाक." त्याने टाकला. ओलांडण्यासारखं काही समोर आलं की पाय सुटतो. "अरे वा," तो म्हणाला. "हे उम्मीला कोणी सांगितलं नाही. ती मागून ढकलते."

"किती वर्षं?"

"शिडीच्या आधीपासून. शिडीवरही असाच अडकलो होतो, मग हात सुटला. मारून टाकशील अशी बघू नकोस. तू येणार असलीस की मला अर्धी गोळी जास्त मिळते. मी तुझी वाटच बघत असतो."

आई स्वयंपाकघरात पाटावर बसून कांदा चिरत होती. वर बघितलं नाही, पण सुरी थांबली. "संध्याकाळी येणार होतीस."

"गोळ्या कुठे आहेत?"

आईने दुसरा कांदा घेतला. उल्फाने फळीवरचे डबे उघडायला सुरुवात केली, जिरं, धणे, सुकी मिरची. ओव्याच्या डब्यात सापडल्या, वेष्टन काढून टाकलेल्या, पिवळ्या, मोकळ्या. वेष्टनावरचं नाव मुलीने वाचू नये म्हणून आई एकेक गोळी सोलून डब्यात भरत बसली असणार, मटार सोलावेत तशी. उल्फाचा आवाज चढला. "हेच माझं काम आहे, उम्मी. सगळी दुनिया मला विचारायला येते. माळरानातल्या गावांतून लोक आपली पोरं घेऊन येतात. आणि तू माझ्या भावाला ओव्यात लपवतेस?"

"तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस. तुमच्या कागदांत घराण्यांची झाडं काढतात, मला माहितेय. काळे चौकोन करता माणसांचे. तुझ्या मामाच्या मुली घरात आहेत अजून. उद्या येतायत सगळे. त्यातल्या रानियाचं मावशीच्या मुलाशी ठरवायचंय."

"कुठल्या मावशीच्या?"

"आपल्याच. दुसऱ्या कुठल्या?"

उल्फा फरशीवर बसली. हसू आलं तिला, वाईट हसू. राखणदाराची एक प्रत आईकडून बिघडलेली, एक बापाकडून, अशी ती आणि मुन्सिफ, आणि आता रानिया, तिची मुलं, एखाद्या पोराला पुन्हा गच्चीवरची खोली. आई राखणच तर करत होती इतकी वर्षं, दारात उभी राहून. धूर बाहेर जाऊ द्यायचा नाही, हाक म्हणून मारायची नाही. "माझ्याही पेशी तशाच आहेत," ती म्हणाली. "मी बघितल्या परवा. माझ्यातही तेच आहे, उम्मी."

आईने सुरी खाली ठेवली. उल्फाला वाटलं आता ती रडेल, आणि त्या रडण्याची तिने रागारागाने तयारी केली. पण आई रडली नाही. डोक्याच्या रुमालाने नाक पुसून म्हणाली, "मागच्या ईदला कांदा चिरताना तुझी सुरी मध्येच थांबत होती. मनूबियाची थांबायची तशीच. म्हणून तर तुझ्या हातातून घेतली मी."

उल्फाला ते आठवलं. जा बाई, तू पुस्तकं वाच, कांदा तुझं काम नाही, असं आई म्हणाली होती, आणि तिला तो शिकलेल्या मुलीला मारलेला टोमणा वाटला होता. वर्षभर तो टोमणा ती मनात बाळगून होती. वर्षभर आईला माहीत होतं. वर्षभर दुसरी एक बाई आपल्या शरीराबद्दल सगळं जाणून गप्प बसली होती, आणि फोनवर फक्त, जेवतेस ना नीट, एवढंच विचारत होती. ती उठून अंगणात गेली आणि लिंबाच्या झाडाखाली मुन्सिफशेजारी बसून राहिली, ऊन भिंतीवर चढून जाईपर्यंत.

संध्याकाळी बांग झाली. आईने तिघांपुढे खजूर ठेवले, पाणी ठेवलं. मग ओव्याचा डबा काढून एक पिवळी गोळी मुन्सिफच्या खजुराशेजारी ठेवली, दुसरी सुरीने दोन केली आणि त्यातली अर्धी उल्फाच्या खजुराशेजारी ठेवली. अगदी सहज, मीठ वाढावं तशी. "आत्तापासून घेतलीस तर सकाळपर्यंत हात मोकळा होईल," ती म्हणाली. "पाहुणे दहाला येतील."

उल्फा त्या अर्ध्या गोळीकडे बघत राहिली. इतकी लहान, आणि तेवढ्यात आख्खी गच्चीवरची खोली मावली होती, कडीसकट. "मुन्सिफ, तू घे," ती म्हणाली. "तुला लागते म्हणून घे. मामासाठी नको." त्याने घेतली. तिने आपला खजूर खाल्ला, पाणी प्यायली, आणि गोळी बोटाने ताटाबाहेर सरकवली. "मी माझी डॉक्टरकडे जाऊन घेईन, नावासकट. उद्या मामा आले की मीच सांगणार आहे. सगळ्यांना, रानियासमोर."

"तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस," आई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"नाही ठेवणार."

मुन्सिफ खुर्चीत हलला. "मला दारासमोर बसवा," तो म्हणाला. "येणाऱ्यांना दिसलो पाहिजे."

कांदा अजून अर्धा उरला होता. उल्फाने पाट ओढला आणि सुरी उजव्या हातात घेतली. सुरी कांद्यात शिरली आणि मध्येच थांबली. ती दातओठ खात वाट बघत राहिली, आणि सुरी पुन्हा चालू लागली. आईचा हात सवयीने पुढे आला. उल्फाने सुरी दिली नाही. आई थोडा वेळ तशीच हात पुढे धरून बसली, मग तिने दुसरा पाट घेतला, दुसरी सुरी शोधली आणि शेजारी बसून कांदा चिरू लागली, उल्फाच्या गतीने, हळूहळू.